कांद्याला न रडणारी मावशी

कांदा कुणाची भीड ठेवत नाही. साहेब असो की शिपाई, त्याच्यापुढे सुरी घेऊन बसलं की टिपं गाळायचीच. पण त्या मोठ्या भटारखान्यात एक बाई अशी होती की तिच्यापुढे कांद्यानेच हात टेकलेत, असं सगळे म्हणत. तिला खडकमावशी म्हणायचे. हे नाव कुणी ठेवलं ते कुणालाच आठवत नव्हतं. तिला मात्र ते फार आवडायचं, आणि आवडतं हे ती लपवायचीही नाही.

भटारखाना म्हणजे काही घरचं स्वयंपाकघर नव्हे. शहरातल्या कितीतरी शाळांचं, कचेऱ्यांचं आणि दवाखान्यांचं जेवण तिथून डब्यांत भरून जायचं. मागच्या अंगाला, पाण्याच्या पिंपांच्या आणि पोत्यांच्या पलीकडे, पत्र्याने मढवलेलं एक लांबलचक टेबल होतं. त्यावर दिवसभर कांदा आणि फक्त कांदा. दोन्ही बाजूंना बायका बसायच्या. टेबलाच्या एका टोकाला भिंत होती, दुसऱ्या टोकाला खिडकी.

या टेबलाचा एक कायदा होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण साहेबाच्या हुकमापेक्षा कडक पाळला जायचा. नवी आलेली बाई खिडकीशी बसायची. कांदा झोंबला, डोळे भरून आले, की उठायचं, खिडकीत जाऊन वारा घ्यायचा, तोंड पुसायचं आणि परत यायचं. सारखी उठणारी खिडकीशीच राहायची. जिचं उठणं कमी होत जाई, ती एकेक खुर्ची वर सरकत भिंतीकडे जायची. भिंतीला लागून जी पहिली खुर्ची, ती मुकादमाची. कुणी सोलायचं, कुणी चिरायचं, कुणाच्या सुरीला धार हवी, हे सगळं तिथून ठरायचं. आणि चहाची किटली सगळ्यात आधी तिथे यायची, ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

मावशीही खिडकीपासूनच वर आली होती. पहिल्यापहिल्यांदा ती इतकी रडायची की घरी आल्यावर नवरा दारातच विचारायचा, "काय गं, कुणी गेलं की काय?" तो बसमध्ये तिकिटं फाडायचा. गल्ली त्याला तिकीटवाले म्हणायची. चेष्टा केल्याशिवाय त्याला अन्न पचायचं नाही. मावशीने त्याला कधी उलट उत्तर दिलं नाही. तिने आपलं कांदे चिरणं चालू ठेवलं. शेंडा उडवायचा, बूड ठेवायचं, कारण बुडाशीच सगळ्या पाकळ्या एकमेकींना धरून असतात. ते शेवटी कापायचं. सुरीला धार अशी की कांदा चिरडता कामा नये. हे सगळं ती शिकली, आणि शिकता शिकता तिचं उठणं कमी झालं. मग आणखी कमी. मग एके दिवशी तिच्या ध्यानात आलं की आपण कित्येक दिवसांत खिडकीकडे फिरकलोच नाही.

ती पहिल्या खुर्चीवर बसली तेव्हा तिची छाती फुलून आली होती. शाळा तिने अर्ध्यात सोडलेली. नात्यागोत्यात कुणी तिला शहाणं म्हटलेलं नव्हतं. आणि आता भटारखान्यात पाहुणे आले की साहेब तिच्यापुढे त्यांना उभं करून म्हणायचा, "बघा, डोळ्याची पापणीही लवत नाही." नव्या पोरी विचारायच्या, मावशी, काय करता तुम्ही? त्यावर तिचं एक ठरलेलं भाषण होतं.

"कांदा म्हणजे गावगुंड. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा. आपण नजर चुकवली की तो चढला डोक्यावर. मन घट्ट लागतं, बाई!"

पोरी बिचाऱ्या कांद्याकडे डोळे फाडून बघायच्या आणि पुढच्याच क्षणी खिडकीकडे पळायच्या.

मावशीला साखरेचा आजार आहे हे टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं. चहा बिनसाखरेचा घ्यायची, गोळ्या डबीत ठेवायची, आठवलं की घ्यायची. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्यांनी भागत नाही, इन्सुलिन सुरू करू या, असं तिला पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं होतं. तिने ते उडवून लावलं. सुई लागली म्हणजे माणूस संपलं, असा तिचा हिशेब होता, आणि तिचा एक चुलतभाऊ सुई लागल्यावर लवकरच गेला होता, हा पुरावा. तो सुई फार उशिरा लागल्यामुळे गेला, ही दुसरी बाजू तिने कधी ऐकूनच घेतली नाही.

त्याच सुमाराला तिची थोरली बहीण वारली. मावशीच्या पोटातून हुंदक्यांवर हुंदके येत होते, पण डोळ्यांत टिपूस नाही. भाची जवळ येऊन म्हणाली, "मावशी, तुला काहीच वाटलं नाही का गं?" आयुष्यात कुणाचा शब्द तिला इतका लागला नव्हता. ज्या बहिणीने तिला कडेवर घेऊन वाढवलं, तिच्यासाठी आपल्याला रडताही येऊ नये? पण चार दिवसांनी कामावर गेल्यावर टेबलावरच्या बायका सगळं ऐकून म्हणाल्या, खडकच हो तुम्ही, आणि तिने स्वतःची समजूत घातली की हेच खरं असणार.

मग एक दिवस ती सालीची गोष्ट झाली.

दुसऱ्या खुर्चीवर वेणीवाली बसायची. कमरेखाली येणारी जाड वेणी टोपीखाली गुंडाळून ठेवायची, म्हणून वेणीवाली. वयाने मावशीपेक्षा बरीच लहान, हाताला चलाख, जिभेला त्याहून. पहिल्या खुर्चीवर तिचा डोळा आहे हे ती तोंडावर सांगायची, आणि मावशीला ते आवडायचं. तर दुपारच्या चहाला वेणीवालीने सहज मावशीकडे पाहिलं आणि तिचा कप हातातच राहिला.

"मावशी, तुमच्या डोळ्यात काय आहे?"

"काय असणार? तेज!"

"अहो हलू नका. साल आहे, कांद्याची. बुबुळावर चिकटलीय."

वेणीवालीने ओल्या रुमालाच्या टोकाने नखाएवढी तांबूस साल अलगद काढली. सगळ्या टेबलाने ती पाहिली. सकाळपासून ती तिथे असावी, कारण जेवणानंतर मावशीने कांदे सोललेच नव्हते. डोळा लालबुंद झाला होता. कुणाच्या डोळ्यात धुळीचा कण गेला तर जीव कासावीस होतो, आणि हिला सालीचा पत्ताच नाही! बायका हसल्या. मावशीही हसली, पण तिचं हसू जरा उशिरा आलं.

दुसऱ्या दिवशी त्या डोळ्याने धूसर दिसायला लागलं, तेव्हा तिकीटवाल्यांनी तिला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाई तरुण होत्या, बोलायला सरळ. त्यांनी डोळ्यात पिवळा थेंब घातला, निळ्या दिव्याखाली पाहिलं. मग कागदाची एक बारीक पट्टी खालच्या पापणीत अडकवून मावशीला गप्प बसायला सांगितलं. थोड्या वेळाने पट्टी काढली. टोक कुठे ओलं झालं असेल नसेल, बाकी पट्टी कोरडी.

"कांदा कापताना डोळ्यांतून पाणी येतं का?" बाईंनी विचारलं.

मावशीला वाटलं, आली आपल्या वाटेवर. ती खुर्चीत सावरून बसली. "माझ्या? वर्षं झाली, बाई. सगळ्या भटारखान्यात मी एकटी अशी आहे."

डॉक्टरीणबाईंनी वाहवा केली नाही. त्या म्हणाल्या, "मावशी, हा सराव नाही. हा तुमचा मधुमेह आहे."

पुढचं त्यांनी समजावून सांगितलं. भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली, हाडाच्या खोबणीत, बदामाएवढी एक ग्रंथी असते, तिथे अश्रू तयार होतात. त्या ग्रंथीलाही नीट काम करायला इन्सुलिन लागतं. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की ती थकते. शिवाय नसा बधिर होतात. कांदा झोंबतोय ही बातमी डोळ्याने वर द्यायची आणि वरून ग्रंथीला हुकूम यायचा, पाणी सोड. मावशीच्या डोळ्यातून बातमीच निघत नव्हती. म्हणून सालही कळली नाही. आणि बुबुळाला आपलं रक्त नसतं, ते बरंचसं त्या पाण्यावर जगतं. पाणी नाही, तर सालीने पडलेला ओरखडा भरून येत नाही. तो चिघळला तर डोळ्यात फूल पडायचं.

"म्हणजे डोळा जाईल?" तिकीटवाल्यांनी विचारलं. त्या दिवशी त्यांना चेष्टा सुचली नाही.

"आज नाही जाणार. पण असंच चाललं तर जाईल. थेंब देते, मलम देते. खरं औषध मात्र साखर ताब्यात आणणं, आणि त्यासाठी इन्सुलिन. पाणी किती परत येईल ते मी सांगू शकत नाही. काहींचं येतं, काहींचं थोडंच येतं."

मावशी घरी येऊन पलंगावर बसली आणि भिंतीकडे पाहत राहिली. डोळ्याची भीती होतीच, पण त्याहून मोठा घाव दुसराच होता. जन्मात एक गोष्ट तिने कमावली असं तिला वाटत होतं, आणि ती कमाई नव्हतीच. तो आजार होता. आजाराने तिला एकेक खुर्ची वर चढवलं होतं आणि ती आपली पोरींना मन घट्ट करायचे धडे देत बसली होती!

"घेते सुई," ती शेवटी म्हणाली. "पण टेबलावर कुणाला कळता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची."

पहिली सुई तिकीटवाल्यांनी द्यायची ठरली. इन्सुलिनचं पेन हातात घेऊन ते तिच्यासमोर बसले, पोटाची चिमूट धरली, आणि हात असे थरथरायला लागले की मावशीनेच पेन काढून घेतलं. "एवढी तिकिटं फाडलीत, एक भोक पाडता येईना!" ती म्हणाली आणि स्वतःच टोचून मोकळी झाली. मुंगी चावल्याइतकंही लागलं नाही. इतकी वर्षं या एवढ्याशा गोष्टीला आपण भ्यालो, याचा तिला राग आला.

"अश्रू बाटलीत मिळतात हे मला आजच कळलं," थेंबांची बाटली उजेडात धरून तिकीटवाले म्हणाले, आणि घर पुन्हा पहिल्यासारखं झालं.

ओरखडा भरून डोळ्यावर बांधलेली पट्टी निघाल्यावर मावशी कामावर रुजू झाली, पहिल्या खुर्चीवर बसली आणि मूठ झाकलेलीच ठेवली. टेबलाला सांगितलं, डोळे आले होते. थेंब घालायचे तर ती कोठीच्या आड जायची. दोनेक आठवडे हे निभावलं. मग एका सकाळी तिखट कांद्यांची पोती उघडली. असे कांदे की अर्धं टेबल खिडकीत गोळा झालं. भिंतीकडच्या टोकाला दोघीच उरल्या, मावशी आणि वेणीवाली. वेणीवाली मान खाली घालून सपासप चिरत होती. तिचे डोळे उघडे होते, लालसर होते, आणि ठणठणीत कोरडे.

"बघा मावशी," ती हसून म्हणाली, "महिना झाला, मी खिडकीकडे उठून गेले नाही. सांभाळा आता तुमची खुर्ची!"

मावशीच्या हातातली सुरी थांबली. तिला एकदम आठवलं, वेणीवाली हल्ली पाण्याची बाटली जवळ घेऊन बसते आणि दिवसभर ती रिकामी करते. सारखी मोरीकडे जाते. हाताला लागलेला काप किती दिवस भरलेला नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, म्हणतात. वेणीवालीने मावशीच्या डोळ्यातली साल पाहिली होती, पण स्वतःचे डोळे ती कशी पाहणार? ते पाहू शकेल अशी एकच बाई त्या टेबलावर होती, आणि ती मूठ झाकून बसली होती.

बायका खिडकीतून परत आल्या. मावशी उभी राहिली.

"ऐका गं सगळ्या. मी कांद्याला रडत नाही ते मन घट्ट आहे म्हणून नाही. माझ्या साखरेने माझ्या डोळ्यांचं पाणी आटवलंय. डोळा जाता जाता राहिलाय. मी रोज सुई घेते." तिने पिशवीतून पेन काढून पत्र्यावर ठेवलं. "ही खुर्ची मी कमावलेली नाही. आजपासून टेबलाचा कायदा उलटा. जिला पाणी येतं ती चांगली. जी उठेनाशी होईल तिने आधी साखर तपासून यायचं. आणि तू," ती वेणीवालीकडे वळली, "तू उद्याच जायचंस."

वेणीवालीचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"छान!" ती म्हणाली. "तुमची वेळ होती तेव्हा कायदा सुलटा. माझी पाळी आली तर उलटा? मी इथवर येईपर्यंत किती रडलेय ते तुम्हाला माहीत आहे? मला काही झालेलं नाही. माझी खुर्ची मला मिळू नये म्हणून चाललंय हे."

मावशीला राग आला नाही. या जागी ती स्वतः असती तर हेच बोलली असती, आणि याहून मोठ्याने. तिने आपली सुरी उचलली आणि सगळ्यांच्या समोरून चालत जाऊन खिडकीशी नव्या पोरींच्या शेजारी बसली. मुकादमकी मात्र सुटली नाही, कारण तिचा आवाज खिडकीपासून भिंतीपर्यंत सहज पोचायचा आणि तिच्या हातासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. पहिल्या खुर्चीवर वेणीवाली बसली. तिच्याशी बोलायला मावशी गेली की ती तोंड फिरवायची. मावशी रोज एकदा जायचीच. "गेलीस का तपासायला?" एवढंच विचारायची आणि उत्तर न घेता परत यायची. बायका म्हणायच्या, सोडा ना मावशी, एवढा मान का घालवता? ती म्हणायची, "मान माझा आहे, मी घालवीन. डोळे तिचे आहेत."

एका सुट्टीच्या दुपारी वेणीवाली मावशीच्या दारात उभी राहिली. टोपी नसल्यामुळे वेणी खांद्यावरून पुढे आली होती. तिकीटवाल्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा बायकोकडे पाहिलं आणि चहा टाकायला आत निघून गेले. ते सहसा आपण होऊन चहा टाकत नसत.

"परवा आरशासमोर उभी राहिले," वेणीवाली म्हणाली. "कांदा फोडला आणि डोळ्याशी धरला. किती तरी वेळ. काही झालं नाही, मावशी. आधी असं झालं असतं तर मी नाचले असते. पण भीती वाटली. मग गेले तपासायला." ती थांबली. "आहे. खूप आहे. डॉक्टर म्हणाले, सुईच घ्यावी लागेल."

"आणलंस पेन?"

वेणीवालीने पिशवीतून नवी कोरी पेटी काढली. मावशीने तिला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, सुई कशी लावायची, आकडा कसा फिरवायचा, चिमूट कुठे धरायची, सगळं दाखवलं. किती पोरींचे हात धरून तिने त्यांना सुरी शिकवली होती. मावशीने आपली बोटं वेणीवालीच्या बोटांवर ठेवली.

"आता तू. मी धरलंय, पण दाबायचं तू."

वेणीवालीने डोळे मिटले आणि दाबलं. मग डोळे उघडून ती पोटाकडे पाहत राहिली. एवढंच? असं तिच्या चेहऱ्यावर आलं, आणि त्यामागोमाग सगळंच आलं. ओठ वाकडे झाले, हनुवटी लटपटली, खांदे गदगदू लागले. ती रडत होती. तिच्या डोळ्यांत मात्र पाणी नव्हतं. ती बोटांनी गाल चाचपत होती आणि गाल कोरडेच लागत होते.

"येत नाही, मावशी," ती कशीबशी म्हणाली. "रडूसुद्धा येत नाही."

बहिणीच्या दारात आपण असेच उभे होतो, हे मावशीला आतून कळलं. तिने वेणीवालीचं डोकं छातीशी धरलं. तिला हुंदका आला, तो नेहमीच यायचा. पण या वेळी नाकाशी काहीतरी चुरचुरलं, पापणीच्या आत ऊब दाटली, आणि उजव्या डोळ्यातून एक थेंब निघून गालावरून खाली वेणीवालीच्या कपाळावर पडला.

वेणीवालीने दचकून वर पाहिलं. मावशीचा हात सवयीने रुमालाकडे गेला.

"पुसू नका!" वेणीवाली म्हणाली. तिने मावशीचं मनगट घट्ट धरलं. "राहू द्या. मला बघू द्या."

मावशीने हात खाली घेतला. पाहुण्यांपुढे बसायची तशी ती ताठ बसली, हनुवटी वर केली, चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, "बघ."